होम स्क्रीनवरचं गाण्यांचं विजेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विजेट लावायला अर्धा मिनिट पुरतो. प्रश्न सुरू होतात ते त्यानंतर: बटण दाबलं तरी हूं की चूं नाही, काल होतं ते आज दिसत नाही, गाणं वेगळंच आणि नाव वेगळंच. मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे सोप्याकडून किचकटाकडे लावले आहेत. विजेट आधीच लावलेलं असेल आणि ते ऐकत नसेल तर थेट प्रश्न ११ वर जा. मेन्यूंची नावं फोनागणिक थोडी बदलतात, त्यामुळे शब्द तंतोतंत सापडला नाही तर त्याच अर्थाचा पर्याय शोधा.

१. विजेट आणि ॲपचा आयकॉन यांत फरक काय?

आयकॉन दाबला की ॲप उघडतं, तेवढंच. विजेट म्हणजे त्या ॲपचा रिमोट. होम स्क्रीनवर बसल्या बसल्या ते गाण्याचं नाव दाखवतं आणि प्ले, पॉज, पुढचं, मागचं ही बटणं देतं. पण गाणं वाजवण्याचं काम ॲपच करतं. तुम्ही बटण दाबलं की विजेट ॲपला निरोप पाठवतं, आणि ॲपने उलट जे चित्र आणि नाव पाठवलं ते दाखवतं. टीव्हीची वायरच काढलेली असेल तर रिमोटच्या नावाने बोटं मोडून उपयोग नसतो. खालच्या निम्म्या तक्रारी या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

अँड्रॉइडवर २००९ मधल्या १.५ आवृत्तीपासून कोणतंही ॲप स्वतःचं विजेट देऊ शकतं. आयफोनच्या होम स्क्रीनवर विजेट आलं ते २०२० मध्ये, आयओएस १४ बरोबर. तेव्हा ते नुसतं बघायचं होतं, कुठेही दाबलं तरी ॲपच उघडायचं. त्यावर चालणारी बटणं २०२३ मध्ये आयओएस १७ पासून आली. त्यामुळे जुन्या आयफोनवर विजेट ‘मुकं’ वाटत असेल तर बिघाड समजू नका.

२. अँड्रॉइड फोनवर विजेट कसं लावायचं?

होम स्क्रीनवर जिथे एकही आयकॉन नाही अशा जागी बोट दाबून धरा. खाली किंवा मधोमध ‘विजेट’ असा पर्याय येईल. तो उघडला की ॲपच्या नावांची यादी दिसते. त्यात आपला प्लेअर शोधा, नावावर टॅप करा म्हणजे त्याचे विजेटचे नमुने दिसतील. हवा तो नमुना दाबून धरून होम स्क्रीनवर ओढा आणि बोट सोडा.

याहून जवळची वाट म्हणजे प्लेअरचा आयकॉनच दाबून धरणं. छोट्या मेन्यूत विजेटचं चिन्ह किंवा नाव दिसलं तर फक्त त्याच ॲपची विजेट समोर येतात, लांबलचक यादी धुंडाळावी लागत नाही. शिवाय अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, ॲपला स्वतःच ‘विजेट होम स्क्रीनवर ठेवू का?’ असं विचारता येतं. त्यामुळे काही प्लेअरच्या सेटिंग्जमध्येच तसं बटण सापडतं.

जागा नाही असा संदेश आला तर विजेट पडद्याच्या उजव्या कडेला नेऊन क्षणभर धरून ठेवा, नवं पान उघडतं.

३. आणि आयफोनवर?

रिकाम्या जागी बोट दाबून धरा. आयकॉन थरथरू लागले की वर डाव्या कोपऱ्यात पाहा. आयओएस १८ मध्ये तिथे ‘एडिट’ असतं आणि त्यात ‘ॲड विजेट’, त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये नुसतं अधिकचं चिन्ह. शोधपट्टीत प्लेअरचं नाव टाका, डावी-उजवीकडे सरकवत आकार निवडा, ‘ॲड विजेट’ दाबा आणि शेवटी ‘डन’.

एकाच आकाराचं एक विजेट दुसऱ्यावर ओढून ठेवलं तर त्यांची थप्पी तयार होते. एका थप्पीत दहापर्यंत विजेट मावतात. थप्पीची एक खोड आहे, ती प्रश्न १४ मध्ये सांगितली आहे.

४. यादीत माझ्या प्लेअरचं नावच नाही. का?

सगळ्यात साधं कारण म्हणजे त्या ॲपने विजेट दिलेलंच नाही. विजेट बनवायचं की नाही हे ॲप बनवणाऱ्यावर असतं, फोनवर नाही. दुसरं कारण आयफोनवर नेहमी आढळतं: ॲप घेतलंय पण एकदाही उघडलेलं नाही. एकदा उघडून बंद करा, मग यादीत येईल. अँड्रॉइडवर ॲप अपडेट करून फोन रीस्टार्ट केल्यावर नाव दिसू लागल्याचंही मी पाहिलंय. तरी नसेल तर प्रश्न ८ मधली पर्यायी वाट धरा.

ऑफिसच्या खात्याखाली असलेलं ॲप असेल तर यादीत वर ‘वर्क’ नावाचा वेगळा टॅब आहे का ते बघा. ते विजेट तिथे असतं.

५. नोटिफिकेशनमध्ये बटणं आपोआप येतात. मग विजेट हवंच कशाला?

प्रामाणिक उत्तर: बऱ्याच जणांना नकोच असतं. गाणं सुरू असताना थांबवायचं, पुढचं लावायचं, एवढंच काम असेल तर वरून बोट ओढल्यावर दिसणारं कार्ड पुरतं. अँड्रॉइड ११ ने २०२० मध्ये हे कार्ड इतर नोटिफिकेशनच्या गर्दीतून काढून क्विक सेटिंग्जपाशी बसवलं. एकाहून जास्त प्लेअर चालू असतील तर कार्डं आडवी सरकवता येतात. आवाज इअरफोनवर जावा की स्पीकरवर, हेही त्याच कार्डाच्या कोपऱ्यातून बदलतं. आणि अँड्रॉइड १३ पासून ॲप नोटिफिकेशनची परवानगी मागतं, ती तुम्ही नाकारली तरी गाण्याचं कार्ड दिसतंच, कारण त्याला या नियमातून सूट आहे. आयफोनवर हीच सोय कंट्रोल सेंटरमध्ये आहे.

विजेटची खरी गंमत दोन ठिकाणी आहे. एक, काहीच वाजत नसताना. कार्ड दिसायला गाणं चालू लागतं किंवा नुकतं थांबलेलं लागतं; विजेट मात्र सकाळी फोन हातात घेतल्या घेतल्या समोर असतं. दुसरं, मोठी बटणं. ज्यांची नजर अधू आहे, ज्यांचं बोट नेमक्या जागी पडत नाही, त्यांना वरून पट्टी ओढून बारीक त्रिकोण शोधायला लावण्यापेक्षा अख्ख्या पानावर एकच थोरलं विजेट लावून द्या. मी घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर हेच करतो.

६. आकार लहान केला आणि ‘मागचं गाणं’ हे बटण गेलं. परत कसं आणू?

आकार वाढवा, बटण परत येईल. होम स्क्रीन ही अदृश्य चौकटींची असते, आणि विजेटचा आकार त्या चौकटींत मोजतात: ‘४ × १’ म्हणजे चार चौकटी रुंद, एक उंच. बरेच प्लेअर रुंदीप्रमाणे बटणं कमी-जास्त करतात.

माझ्या फोनवर घडलेलं सांगतो. चार रुंदीत डावीकडे चित्र, मधे नाव, उजवीकडे तीन बटणं असं नेटकं दिसत होतं. शेजारी कॅमेऱ्याचा आयकॉन बसवायचा म्हणून मी विजेट एका चौकटीने आत ढकललं. ‘मागचं’ गेलं. आणखी एक चौकट कमी केल्यावर गाण्याचं नावही गेलं, उरलं ते चित्र आणि त्यावर एक प्लेचं चिन्ह. शेवटी कॅमेराच दुसऱ्या पानावर हलवला.

अँड्रॉइडवर आकार बदलायला विजेट दाबून धरा आणि सोडा, कडेला ठिपके असलेली चौकट येते, ते ठिपके ओढा. चौकट आलीच नाही तर त्या विजेटचा आकार ठरलेला आहे. आयफोनवर आयओएस १८ मध्ये विजेट दाबून धरलं की लहान, मध्यम, मोठा हे पर्याय मेन्यूतच मिळतात. त्याआधीच्या आवृत्तीत ते काढून हव्या आकारात नव्याने लावावं लागतं.

७. गाणं पुढे-मागे सरकवायची पट्टी विजेटवर दिसते, पण ओढता का येत नाही?

कारण अँड्रॉइडच्या विजेटमध्ये ओढायच्या पट्टीला परवानगीच नाही. विजेट दुसऱ्याच्या घरात, म्हणजे लाँचरच्या (होम स्क्रीन दाखवणाऱ्या ॲपच्या) पडद्यावर राहतं, म्हणून त्याला मोजकेच घटक वापरता येतात: चित्र, मजकूर, बटण, यादी, आणि किती वेळ झाला ते नुसतं दाखवणारी पट्टी. आयफोनवरही विजेटला बटण आणि चालू-बंदचा खटका एवढंच चालतं. नोटिफिकेशनमधल्या कार्डावरची पट्टी मात्र अँड्रॉइड १० पासून ओढता येते. काही प्लेअर विजेटवर दहा किंवा तीस सेकंद पुढे नेणारं बटण देतात, लांब मुलाखती आणि पुस्तकं ऐकणाऱ्यांना ते पुरतं.

८. माझ्याकडे तीन वेगवेगळे प्लेअर आहेत. एकच विजेट सगळ्यांना चालेल असं काही आहे का?

अँड्रॉइडवर आहे. २०१४ मधल्या अँड्रॉइड ५ पासून प्रत्येक प्लेअर आपण काय वाजवतोय याची वर्दी सिस्टिमला एका ठरावीक पद्धतीने देतो. नोटिफिकेशनचं कार्ड, इअरफोनचं बटण, मनगटावरचं घड्याळ हे सगळे तीच वर्दी वाचतात. काही विजेट ॲपही ती वाचून ‘जे वाजतंय त्याचा रिमोट’ बनतात. स्वतः विजेट रचायला देणारं केडब्ल्यूजीटी हे त्यांतलं एक प्रसिद्ध नाव. त्यात हौसेला मोल नाही: फाँट, रंग, चित्राचा गोल, सगळं आपल्या हातात, आणि एक रविवार त्यात सहज जातो. अशा ॲपला एक मोठी परवानगी द्यावी लागते, त्याबद्दल पुढचा प्रश्न वाचूनच काय ते ठरवा.

आयफोनवर दुसऱ्या ॲपची वर्दी वाचणारं असं विजेट बनवता येत नाही, पण आडवाट आहे: प्रश्न १०.

९. विजेट ॲप ‘नोटिफिकेशन ॲक्सेस’ मागतंय. देऊ का?

आधी ते का मागतंय ते समजून घ्या. दुसऱ्या प्लेअरमध्ये काय चाललंय ते वाचायचा रस्ता अँड्रॉइडमध्ये याच परवानगीतून जातो, त्यामुळे मागणं स्वतःहून संशयास्पद नाही. पण ही परवानगी फक्त गाण्यांपुरती मिळत नाही. ती दिली की त्या ॲपला तुमची सगळी नोटिफिकेशनं वाचता येतात: निरोप, बँकेचे संदेश, सगळंच. एकदा वापरायचे पासवर्ड, म्हणजे ओटीपी, अँड्रॉइड १५ मध्ये अशा ॲपपासून झाकले जातात. जुन्या आवृत्तीत ती सोय नाही.

माझा नियम असा. एकाच प्लेअरने काम भागत असेल तर त्याचंच विजेट लावा, त्याला ही परवानगी लागत नाही. सगळ्यांसाठी एकच विजेट हवंच असेल तर ॲप अधिकृत स्टोअरमधूनच घ्या, आणि त्याला इंटरनेट कशासाठी लागतंय हे पाहा. बाहेरून फाइल उतरवून बसवलेल्या ॲपला अँड्रॉइड १३ पासून ही परवानगी सहजी मिळत नाही, ‘प्रतिबंधित सेटिंग’ असा अडसर येतो. तो अडसर कसा काढायचा हेही मला विचारलं जातं. मी सांगत नाही. तो उगाच लावलेला नाही.

१०. आयफोनवर माझ्या प्लेअरच्या विजेटला प्ले-पॉजचं बटणच नाही. काही करता येईल?

शॉर्टकट्स ॲप उघडा आणि अधिकचं चिन्ह दाबून नवा शॉर्टकट सुरू करा. कृतींच्या यादीत ‘प्ले/पॉज’ शोधून ती एकच कृती त्यात टाका आणि नाव द्या. तशीच दुसरी ‘स्किप फॉरवर्ड’ची करा. मग होम स्क्रीनवर शॉर्टकट्सचं विजेट लावा (प्रश्न ३ प्रमाणेच). लहान आकारात एक शॉर्टकट बसतो, मोठ्या आकारात अनेक. चित्र आणि गाण्याचं नाव दिसणार नाही, पण बटण चालतं, आणि प्लेअर कोणताही असला तरी चालतं.

हाच शॉर्टकट फोनच्या पाठीवर दोनदा टकटक करूनही चालवता येतो: सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, टच, बॅक टॅप. आयफोन ८ आणि त्यापुढच्या फोनवर ही सोय आहे. फोन टेबलावर आपटून ठेवायची सवय असेल तर मात्र गाणी मधेच थांबतील, सांभाळा.

११. विजेटवर प्ले दाबतो, काहीच होत नाही. ॲप उघडलं की मात्र सगळं नीट चालतं.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. रिमोट ठीक आहे, टीव्ही बंद आहे. बॅटरी वाचवण्यासाठी फोन मागे पडलेली ॲप झोपवतो, आणि काही कंपन्यांचे फोन त्यात फारच तत्पर असतात. झोपलेल्या ॲपला विजेटचा निरोप पोचत नाही, किंवा उशिरा पोचतो.

माझ्या एका परिचितांनी तीनदा विजेट काढून लावलं, एकदा प्लेअरही काढून परत घेतला. मी फोन हातात घेतला तेव्हा प्लेअर बॅटरीच्या ‘प्रतिबंधित’ गटात होता. तो बदलला आणि पहिल्याच दाबात गाणं लागलं.

सेटिंग्जमध्ये ॲप, मग तुमचा प्लेअर, मग ‘बॅटरी’ असं जा आणि ‘अनिर्बंध’ किंवा ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. सॅमसंगवर बॅटरीच्या सेटिंग्जमध्ये झोपणाऱ्या ॲपची यादी असते; प्लेअर तीत असेल तर काढा आणि कधीच न झोपणाऱ्यांच्या यादीत टाका. शाओमीवर त्याशिवाय ‘ऑटोस्टार्ट’ चालू करावं लागतं. शेवटी फोन एकदा रीस्टार्ट करा.

यासोबत एक सवय मोडा: अलीकडच्या ॲपच्या यादीतून सगळं झटकून टाकायची. काही फोनांवर असं झटकणं म्हणजे ॲपचा गळाच दाबणं असतं. प्लेअर त्यात गेला की विजेटही आंधळं.

१२. विजेट अचानक राखाडी झालं आणि दाबलं तरी हलत नाही. बिघडलं का?

नाही. फोन अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढचा आहे आणि कोणीतरी, बहुतेक तुम्हीच, त्या ॲपला ‘फोर्स स्टॉप’ केलंय. या आवृत्तीपासून सक्तीने थांबवलेल्या ॲपची सगळी विजेट सिस्टिम राखाडी करून ठेवते. ॲप एकदा उघडा, रंग परत येतो. जुन्या आवृत्तीत अशा वेळी विजेट दिसायला टवटवीत पण आतून मेलेलं असायचं. माझ्या मते राखाडी बरं, निदान खरं तरी सांगतं.

१३. गाणं बंद आहे, तरी विजेटवर पॉजचं चिन्ह आणि कालच्याच गाण्याचं नाव. हे काय?

विजेट म्हणजे थेट प्रक्षेपण नव्हे, ॲपने शेवटचा पाठवलेला फोटो. नवा फोटो येईपर्यंत जुनाच लटकत राहतो. गाणं बदललं की ॲप नवा फोटो पाठवतं, पण गाण्याच्या मधेच सिस्टिमने ॲप संपवलं तर ‘आता थांबलोय’ हे सांगायला कोणी उरत नाही. अँड्रॉइड स्वतःहून विजेट ताजं करायला सांगतो, पण अर्ध्या तासातून एकदाच; त्याहून कमी वेळ ॲपला मागताच येत नाही. आयफोनवरही विजेट किती वेळा ताजं व्हावं हे सिस्टिम ठरवते.

ॲप उघडून बंद केलं की चित्र जुळतं. रोजच असं होत असेल तर मूळ दुखणं प्रश्न ११ मधलं आहे.

१४. विजेट आपोआप गायब झालं. कुठे गेलं?

आयफोनवर बहुधा ते गेलेलं नसतं, थप्पीत मागे सरकलेलं असतं. थप्पी वेळेप्रमाणे आपल्या मनाने पुढचं विजेट वर आणते. ती दाबून धरून ‘एडिट स्टॅक’मध्ये जा आणि ‘स्मार्ट रोटेट’ बंद करा.

अँड्रॉइडवर कारणं जास्त. ॲप काढून परत घेतलं असेल तर विजेटही गेलं, ते नव्याने लावायचं. ॲप मेमरी कार्डावर हलवलेलं असेल तर कार्ड निघताच विजेटही जातं. विजेट लावायचं ॲप फोनच्या अंगच्याच साठवणीत ठेवा.

आणि तिसरं, मी स्वतः खाल्लेला मार: लाँचर बदलणं. एका संध्याकाळी दिसायला देखणा म्हणून नवा लाँचर घेतला. दोन वर्षं जपून मांडलेली पानं कोरी. विजेट हे फोनच्या मालकीचं नसतं, ज्या लाँचरवर लावलं त्याच्याशी बांधलेलं असतं. नव्या लाँचरला जुन्याचं सामान आपसूक मिळत नाही. घाबरून जुना लाँचर काढून टाकू नका. डीफॉल्ट म्हणून तो परत निवडा, मांडणी बहुधा जशीच्या तशी समोर येईल. नव्यावरच राहायचं असेल तर आधी जुन्या पानांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. मी ते केलं नव्हतं.

१५. विजेट लावूच देत नाही. ओढलं की परत जातं, किंवा ‘मांडणी लॉक आहे’ असं म्हणतं.

होम स्क्रीनच्या सेटिंग्जमध्ये ‘लेआउट लॉक’ बंद करा. खिशात फोन असताना आयकॉन इकडेतिकडे जाऊ नयेत म्हणून ती सोय असते. विजेट लावून झालं की पुन्हा चालू करा. ज्येष्ठांच्या फोनवर तर आवर्जून करा, नाहीतर प्रश्न १४ दर आठवड्याला येईल.

१६. लॉक स्क्रीनवरही तेच विजेट हवं आहे.

तिथे विजेट लावायची गरज नाही. गाणं सुरू झालं की कंट्रोल लॉक स्क्रीनवर आपोआप येतात, अँड्रॉइडवर आणि आयफोनवरही. अँड्रॉइड ४.२ मध्ये, २०१२ साली, लॉक स्क्रीनवर खरोखरीचं विजेट लावता यायचं. दोनच वर्षांत अँड्रॉइड ५ ने ते काढलं. आयओएस १६ ने २०२२ मध्ये आयफोनच्या लॉक स्क्रीनवर बारीक विजेट आणली, पण गाण्यांसाठी खाली येणारा प्लेअरच हाताला सोपा. गाणं सुरू असूनही तो दिसत नसेल तर नोटिफिकेशन आणि लॉक स्क्रीनच्या सेटिंग्ज तपासा, काही लपवून ठेवलेलं असतं.

१७. विजेट एका प्लेअरचं आहे, पण इअरफोनचं बटण दाबलं की दुसराच प्लेअर सुरू होतो.

इअरफोनला तुमचं विजेट माहीत नसतं. अँड्रॉइड ८ पासून ते बटण ज्या ॲपने शेवटचा आवाज काढला त्याच्याकडे जातं. मधे एखादा व्हिडिओ पाहिलात की ‘शेवटचा’ तो झाला. हव्या त्या प्लेअरचं गाणं विजेटवरून दोन सेकंद लावून थांबवा, आता बटण त्याचं.

१८. विजेटने बॅटरी जास्त जाते का?

मुद्दाम लक्षात यावी इतकी नाही. गाणं बदललं की एक चित्र आणि दोन ओळी बदलतात, तेवढंच काम. बॅटरी जाते ती गाणं इंटरनेटवरून ओढण्यात आणि पडदा उजळत ठेवण्यात. वाजणाऱ्या आवाजाबरोबर नाचणारे पट्टे दाखवणारी हौशी विजेट मात्र खातात.

१९. अल्बमचं चित्र एकाच रंगात दिसतं. मूळ रंग कसे आणू?

आयओएस १८ मध्ये होम स्क्रीनला एकच छटा द्यायची सोय आली, ती चालू असली की विजेटमधलं चित्रही त्या छटेत बुडतं. रिकाम्या जागी दाबून धरा, ‘एडिट’, मग ‘कस्टमाइझ’, आणि ‘टिंटेड’ सोडून दुसरा पर्याय घ्या. अँड्रॉइड १२ पासून बरीच विजेट वॉलपेपरमधून रंग उचलतात, पण तो बटणांचा आणि पार्श्वभूमीचा रंग असतो. पसंत नसेल तर वॉलपेपर बदलून बघा, कधी कधी तेवढ्यानेच काम होतं.

२०. विजेट काढलं तर गाणी किंवा प्लेलिस्ट जाईल का?

नाही. फक्त रिमोट जातो. काढताना मात्र ‘रिमूव्ह’ आणि ‘अनइन्स्टॉल’ शेजारी शेजारी दिसले तर नीट वाचून दाबा. अनइन्स्टॉलमध्ये ॲप जातं आणि ऑफलाइन ऐकायला उतरवलेली गाणीही.

२१. फोनचं आवाजाचं बटण मोडलंय. विजेटवरून आवाज कमी-जास्त करता येईल?

प्लेअरच्या विजेटवर आवाजाची बटणं सहसा नसतात, आणि पट्टी तर शक्यच नाही (प्रश्न ७). त्यासाठी वेगळं ॲप घेण्याआधी फोनमधलीच सोय वापरा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत ‘ॲक्सेसिबिलिटी मेन्यू’ चालू करा. त्यातून पडद्यावर आवाजाची मोठी बटणं मिळतात. आयफोनवर ॲक्सेसिबिलिटी, टच, ‘असिस्टिव्हटच’ असं जा. पडद्यावर एक गोल बटण येईल. त्यात ‘डिव्हाइस’खाली आवाज वाढवणं आणि कमी करणं दोन्ही आहे. तो गोल कडेकडेने कुठेही ओढून ठेवता येतो, फक्त विजेटच्या प्लेवर येऊन बसणार नाही एवढं बघा.